माहेरी आलेले गाऊन

एकदा एका यंत्रमागांच्या गावात असं घडलं की, ज्या दिवशी पाहुण्यांपुढे आपलं उत्तमातलं उत्तम मांडायचं, नेमक्या त्याच दिवशी एका शहाण्यासुरत्या वृद्धाने कारखान्याच्या दारातच फाटके कपडे दोरीवर टांगले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं सगळ्यांना वाटलं. त्याच्या पट्टशिष्येला तर रडू कोसळायचंच काय ते बाकी होतं. हा प्रसंग नीट समजायचा तर थोडं मागे जायला हवं.

या वृद्धाचं नाव रंगनाथ. गाव त्यांना मास्तर म्हणे. शाळेत शिकवणारे मास्तर नव्हेत, कापड बेतणारे. तरुणपणी ते चारचौघांसारखेच शर्ट-पँटी शिवत. पुढे गावातल्या एका शल्यविशारदाने शस्त्रक्रियेच्या वेळी घालायचे हिरवे गाऊन त्यांच्याकडून शिवून घेतले आणि मास्तरांना त्या कामाची अशी गोडी लागली की ऐन लग्नसराईत सफारी शिवायला नकार देऊन त्यांनी नातेवाइकांचे रुसवे ओढवून घेतले. डॉक्टरांचे कोट, परिचारिकांचे गणवेश, रुग्णांचे झगे, टोप्या, पडदे. ओसरीवरचं दुकान शेडमध्ये गेलं, शेडचा कारखाना झाला, आणि जिल्ह्यातल्या रुग्णालयांच्या कपाटांत मास्तरांच्या हातचे कपडे जाऊन बसले. शिलाईवरच्या बायका मोठ्या ठसक्यात सांगत, "आमच्या हातचा कपडा घातल्याबिगर या जिल्ह्यात कुणी कुणाच्या पोटाला सुरी लावत नाही!" यात थोडी अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती.

मास्तरांची एक रीत मात्र सगळ्यांना विक्षिप्त वाटे. रुग्णालयात वापरून वापरून निकामी झालेले आपले गाऊन ते परत मागवून घेत. रुग्णालयंही स्वच्छ उकळून, गाठोडं बांधून ते खुशाल पाठवून देत, कारण बदल्यात मास्तर नव्या टोप्या फुकट देत. गाठोडं आलं की बायका हसून म्हणत, "मास्तर, लेकी माहेरी आल्या हो!" मास्तर गाठोडं माळ्यावर चढवत आणि दुपारचं जेवण झालं की एकटेच वर जाऊन बसत. खाली उतरले की एखादा हुकूम सोडत. आजपासून बगलेत जादा कापडाची कळी घाला. आजपासून कमरेचा बंद असा जोडा. कारण विचारलं तर म्हणत, "घाला म्हणतो ना!" लोक त्याला मास्तरांची लहर म्हणत आणि निमूटपणे कळी घालत.

शैलजा ही मास्तरांची सर्वांत तयार शिष्या. कात्री कशी धरावी इथपासून ती त्यांच्याकडे शिकली. तिची बुद्धी तल्लख, हात हलका आणि स्वभाव उतावळा. मास्तर थकू लागले तसा सगळा कारभार तिच्याकडे आला. तिने संगणकावर बेतायला सुरुवात केली, एमआयडीसीत जागा मिळवली, मास्तरांच्या मागे भुणभुण लावून तिथे नवं दालन उभं केलं. नव्या यंत्रांच्या रांगा अशा झळाळत होत्या की पाहणाऱ्याने नुसतं पाहत राहावं. पण यंत्रं चालवायची तर तेवढं काम हवं. राज्यभर रुग्णालयं असलेल्या एका मोठ्या संस्थेने गाऊनच्या कामासाठी विचारणा केली होती आणि त्यांच्या एक ज्येष्ठ डॉक्टर स्वतः पाहणीला येणार होत्या. काम मिळालं तर दालन गजबजणार, नाही मिळालं तर शैलजाच्या शब्दावर उभं राहिलेलं ते दालन मुकं राहणार आणि नव्याने कामाला बोलावलेल्या बायका घरी परतणार. या एका भेटीवर तिने सगळं पणाला लावलं होतं.

म्हणून तिने कंबर कसली. दारापाशी काचेचं कपाट करवून घेतलं आणि त्यात कडक इस्त्रीचे नवे गाऊन लावले. फरशी अशी पुसून घेतली की पाय ठेवायला संकोच वाटावा. आणि याच उत्साहात तिच्या हातून एक गोष्ट घडली. जुन्या शेडच्या माळ्यावरची ती सगळी गाठोडी मास्तरांनी हट्टाने नव्या दालनाच्या एका कोपऱ्यात आणवली होती. पाहुण्यांच्या नजरेला ही अडगळ नको म्हणून शैलजाने ती चिंध्यांच्या व्यापाऱ्याला देऊन टाकली.

भेटीच्या दिवशी सकाळी मास्तर आले, कोपरा रिकामा दिसला.

"माहेरवाशिणी कुठं गेल्या गं?"

शैलजाने खरं ते सांगितलं. मास्तर रागावतील अशी तिने मनाची तयारी केली होती. त्यांनी मात्र टोपी घातली, कारखान्याचा टेम्पो काढायला लावला आणि चिंध्यांच्या बाजाराकडे निघून गेले. तिथे व्यापाऱ्याने निम्मा माल गॅरेजवाल्यांसाठी कापूनही टाकला होता. उरल्यातून मास्तरांनी स्वतः उकिडवं बसून काही गाऊन निवडले आणि माघारी आले. आले ते सरळ दारापाशी. खांबापासून खांबापर्यंत त्यांनी दोरी ताणली आणि तिच्यावर एकेक विटका, फाटका गाऊन चिमटे लावून टांगायला सुरुवात केली.

शैलजा धावत आली.

"मास्तर, अहो हे काय करताय? त्या येतीलच आता!"

"म्हणून तर घाई करतोय. तो चिमटा दे इकडं."

"हे फाटके आहेत, मास्तर. आपणच आपली अब्रू वेशीवर टांगायची का? उद्या टांगा ना, हवं तर मी स्वतः टांगेन. आज नको."

"आजच," मास्तर म्हणाले. शैलजाने चिमटा दिला नाही, तेव्हा त्यांनी वाकून तो स्वतः घेतला.

तेवढ्यात गाडी आलीच. पाहुण्या डॉक्टर उतरल्या, सोबत संस्थेचे अधिकारी. बाई उंच, बोलण्यात तुटक, केस पिकलेले. काचेच्या कपाटाकडे त्यांनी ओझरतं पाहिलं आणि दोरीपाशी येऊन त्या थबकल्या. पहिल्या गाऊनच्या बगलेत भलंमोठं भोक होतं. बाईंनी त्यातून हात आरपार घातला.

"हा तुमचा आहे?"

"आमचाच," मास्तर म्हणाले.

"शस्त्रक्रिया चालू असताना बगल उसवली तर काय होतं, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे, बाई. म्हणून तर टांगलाय."

शैलजाने मान खाली घातली. मागे उभ्या असलेल्या बायकांत चुळबुळ झाली. अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई मात्र पुढच्या गाऊनकडे वळल्या. त्याची बगल शाबूत होती, पण कमरेचा बंद मुळापासून उपटून आला होता. त्यापुढच्याचा बंद घट्ट होता, तर मनगटातलं रबर उकळून उकळून मेलं होतं. चौथ्याच्या मनगटाला विणलेली पट्टी होती, ती जशीच्या तशी, पण गळा मागून चिरला होता.

आता मास्तर बोलू लागले. ते बाईंशी बोलत होते, पण नजर शिष्येकडे होती.

"शिवून झालेला कपडा सगळ्यांचाच देखणा असतो. नवेपण कारखान्यातून येतं, ते विकत मिळतं. पण हा कपडा इथून जाणार, रोज उकळत्या पाण्यात शिजणार, वाफेच्या भांड्यात कोंडला जाणार, आणि तो अंगात घालून कुणीतरी दुसऱ्याचा जीव वाचवायला उभं राहणार. त्या घडीला तो कसा वागतो, हे मला इथं बसून कसं कळावं? ते त्यानंच परत येऊन सांगायला हवं. पहिला आला, म्हणाला बगल आवळते. मी कळी घातली. दुसरा म्हणाला बंद कच्चा. मी बंदाच्या मुळाशी चौकोनी टीप घालून त्यात फुली मारायला लावली. आमच्या बायका म्हणतात मास्तर लहरी आहेत. लहर कसली! मी या लेकींचं गाऱ्हाणं ऐकून खाली यायचो. आमची यंत्रं किती वाढली, दालन किती मोठं झालं, ते तुम्हाला ही शैलजा दाखवेल. तिनं ते फार चांगलं केलंय. पण आम्ही वाढलो कसे, हे बघायचं असेल तर ही दोरी बघा. फाटलेत बहुतेक सगळे. पण एका जागी दोनदा फाटलेला एकही सापडायचा नाही."

शैलजाने मान वर करून दोरीकडे पाहिलं, आणि जी कळी ती इतकी वर्षं निमूटपणे बेतत आली होती, ती कुठून आली हे तिला पहिल्या गाऊनच्या त्या भोकात दिसलं.

बाई दोरीच्या शेवटच्या गाऊनपाशी पोहोचल्या होत्या. तो धुऊन धुऊन इतका विटला होता की मूळचा हिरवा रंग शोधावा लागत होता. बाईंनी बगल ओढून पाहिली, बंद ताणले, गळा उजेडाकडे धरला.

"हा कुठे फाटलाय?"

"मला नाही सापडलं," मास्तर म्हणाले. "हा कोणी बेतला ते मात्र ठाऊक आहे." आणि त्यांनी शैलजाकडे बोट केलं. "एवढ्या गाठोड्यांतून हाच आधी शोधला मी. म्हटलं, हा चिंध्यांत जायला नको."

इतक्या वर्षांत मास्तरांनी तिला कधी शाबास म्हटलं नव्हतं. आता जे म्हटलं ते शाबासकीहून मोठं होतं, आणि ते तिने परक्या माणसांसमोर ऐकलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते लपवण्याचा प्रयत्नही तिने केला नाही.

पण डॉक्टर बाई अजून शोधतच होत्या. पोटाशी एका जागी त्यांचं बोट थांबलं.

"हे बघा. शिवण पक्की आहे, पण इथे कापड झिजलंय. पातळ झालंय."

दुसरा कुणी असता तर दचकला असता. शैलजा झटकन पुढे झाली आणि तिने ती जागा दोन बोटांत धरली.

"इथेच का, पण? इथे तर काहीच ताण येत नाही."

"येतो. टेबलाची कड लागते. तासन्‌तास मी इथेच टेकून उभी असते."

"मग इथे आतून दुसरा थर दिला तर?"

"उकडेल."

"सगळीकडे नको. एवढ्याच पट्ट्यात. आणि खालून मोकळा सोडला तर हवा खेळेल. तुम्ही किती खाली टेकता? जरा उभ्या राहून दाखवता?"

आणि त्या मोठ्या संस्थेच्या ज्येष्ठ डॉक्टर तो विटका गाऊन अंगात घालून बेतायच्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या, आणि शैलजा गुडघ्यांवर बसून खडूने त्याच्यावर खूण करू लागली. काम मिळणार की नाही, हे विचारायचं ती साफ विसरून गेली होती. मास्तर बाजूला स्टुलावर बसले होते. ते अगदी समाधानाने म्हणाले, "बाई, आता आमच्या गाऊनला फाटायला तेवढी एकच जागा उरलीय."

बाई पहिल्यांदा मोकळेपणाने हसल्या. जाताना त्यांनी काम या कारखान्याला दिल्याचं तिथल्या तिथे सांगितलं, आणि गाडीत बसता बसता म्हणाल्या, "एक अट आहे. आमच्याकडचे जुने झाले की तेही माहेरी पाठवू. त्यांचंही ऐकून घ्यावं लागेल." हा शब्द त्यांनी मागे उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडून ऐकला असावा. बायकांनी पदर तोंडाला लावला, पण एकीचीही मान खाली नव्हती.

गाडी गेल्यावर शैलजा मास्तरांपाशी आली. "मास्तर, मला का नाही कधी सांगितलंत? एकदा हाक मारली असतीत, तर आले असते की मीही माळ्यावर."

"सांगितलं असतं तर तू ऐकून घेतलं असतंस," मास्तर म्हणाले, "आणि भोकात बोट घालायचं राहून गेलं असतं." मग स्वतःशीच हसून पुढे म्हणाले, "पण हाक मारायला हवी होती गं, ते मात्र तुझं खरं."

त्याच दिवशी शैलजा चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे गेली आणि कात्रीतून वाचलेले सगळे गाऊन माघारी आणून तिने पुन्हा जुन्या शेडच्या माळ्यावर चढवले. काचेच्या कपाटातले नवे गाऊन तिने काढले. त्यांच्या जागी तो विटका गाऊन लावला, पोटावरच्या खडूच्या खुणेसकट. आता त्या कारखान्यात नवी मुलगी शिकायला आली की तिला कात्री देण्याआधी माळ्यावर बसवतात, आणि शैलजा तिच्या शेजारी बसते.

आपल्याही घडवलेल्या गोष्टी कधीतरी फाटून आपल्या दारात परत येतात. त्यांना अडगळीत ढकलण्याआधी, त्या कुठे फाटल्या एवढं तरी बोट घालून बघावं.