हरभऱ्यानं उघडलेली फटफटी

"लोखंड लागता कामा नये! हातोडा नाही, छिन्नी नाही, पाना नाही! आबासाहेबांच्या फटफटीवर ओरखडा दिसला तर भिवाजी, तू तुरुंगात. आणि दसऱ्याच्या आत इंजिन उघडलं नाही, तरी तुरुंगातच!"

निंबसरचे दौलतराव महाराज हे बोलले आणि मोटारखान्याचा कारभारी भिवाजी मटकन खाली बसला. फटफटी विलायती, थोरल्या महाराजांची, म्हणजे दौलतरावांचे वडील आबासाहेब यांची. वयानं दौलतरावांहून मोठी आणि स्वभावानं त्यांच्यासारखीच, एकदा अडली की अडली! आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, गंजून नळकांड्यात चिकटला होता.

भिवाजीची मुलगी सगुणा बापाचा डबा घेऊन आली होती. तिनं डबा आपटला.

"तात्या, तीन पावसाळे तुम्ही या गाडीला हार घातलेत, उदबत्ती ओवाळलीत. एकदा किक मारायला काय झालं होतं?"

"अगं, थोरल्या महाराजांची गाडी! तिला पाय कसा लावायचा?"

"मग आता लावा डोकं!"

"फार जीभ चालते हिची," महाराज म्हणाले. "तूच उघड मग!"

"उघडते. पण लोखंड सोडून बाकी काहीही चालेल ना?"

"काहीही! पाहिजे तर हत्ती आण!"

"हत्ती नको. तोही तात्यांनी पूजा करून बसवून ठेवला असेल."

सगुणा कामाला लागली. नटावर मऊ मेण दाबून तिनं ठसा घेतला, त्या मापाचं भोक खैराच्या ठोकळ्यात कोरून घेतलं, की झाला पाना! दांडा म्हणून घरचं मुसळ आणलं आणि त्याच्या टोकाचं लोखंडी कडं काढून फेकलं. "अगं, तुझ्या आजीचं मुसळ!" भिवाजी कळवळला. सगुणानं जोर लावला आणि ठोकळा ताडकन उभा चिरला.

जमलेली वडीलधारी मंडळी सुखावली. बिचाऱ्यांना बऱ्याच दिवसांनी काहीतरी मोडताना बघायला मिळालं होतं.

"मी म्हणतच होतो," एक पागोटं बोललं.

"तुम्ही म्हणतच असता, काका. जरा बाजूला होऊन म्हणा, उजेड अडतोय."

दुसरा ठोकळा तिनं आधी तेलात उकळला. मग त्याला ओल्या कातड्याची वादी आवळून गुंडाळली आणि उन्हात ठेवला. वादी वाळून आकसली, ठोकळ्याला मगरमिठी बसली. नटांवर रॉकेल सोडलं, पाना चढवला, मुसळ फिरवलं. कुईं! एक नट सुटला. मग दुसरा, मग सगळे. इंजिनाचं टोपण हातात आलं!

पण दट्ट्या? तो ढिम्म! रॉकेल प्यायला, एरंडेल प्यायला, मुसळाचा रेटा खाल्ला, हलला नाही. सगुणा तडक मुदपाकखान्यात गेली आणि हरभरे घेऊन आली.

"उसळ करतेस की काय?" महाराजांनी विचारलं.

"तुम्ही फोडणीची तयारी ठेवा!"

तिनं दट्ट्यावर ओंजळीनं हरभरे ओतले, नळकांडं गच्च भरलं आणि टोपण लावून लाकडी पान्यानं पुन्हा आवळलं. टोपणातल्या स्पार्क प्लगच्या भोकातून पाणी सोडलं, भोकात लाकडी बूच ठोकलं आणि बापाचा डबा उघडून स्वतःच जेवायला बसली.

"पण होणार काय?" भिवाजीनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"तात्या, मी बरणीत हरभरे भिजत घालून झाकण करकचून लावलं होतं, आठवतं? सकाळी बरणीचे तुकडे. मार कुणी दिला होता?"

"मी," भिवाजी पुटपुटला.

दुपार कलली. पागोटी पेंगायला लागली. आणि अचानक... कट्ट! दट्ट्या खाली सरकला आणि स्टँडवर उभ्या फटफटीचं मागचं चाक आपोआप वीतभर फिरलं! भिवाजीनं साष्टांग नमस्कार घातला. महाराजांनी धावत जाऊन टाकीला मिठी मारली. "हलली! आबासाहेब, हलली!"

"थांबा!" पागोट्यांमधले राजवैद्य उठले. "अट मोडली! हरभऱ्यात लोह असतं. अंगात लोह कमी पडलं की मीच लोकांना हरभरे खायला सांगतो!"

महाराजांचा चेहरा पडला. पण शब्द म्हणजे शब्द. भिवाजीनं तर आपणहून दोन्ही मनगटं पुढं केली!

"वैद्यबुवा," सगुणा हात पुसत म्हणाली, "सरकारांना रोज सकाळी काय चाटवता?"

"लोहभस्म," वैद्य छाती फुगवून म्हणाले. "मधातून. गेली कित्येक वर्षं."

"ऐकलंत? मग गाडीला लागलेलं सगळ्यांत मोठं लोखंड आत्ता टाकीला मिठी मारून उभं आहे! आधी सरकारांना बेड्या घाला, मग माझ्या बापाला!"

महाराज टाकी सोडून चटका बसल्यासारखे मागं उडाले. दोन्ही हात वर! मग त्यांच्या पोटातून आधी खुदखुद आली, मग खोखो, मग असा गडगडाट, की फेटा सुटून गळ्यात आला.

"भिवाजी, तू सुटलास! पण आजपासून मोटारखाना सगुणाचा. तू तिच्या हाताखाली!"

दसऱ्याच्या मिरवणुकीत फटफटी सगुणानं चालवली. महाराज शेजारी जोडलेल्या साइडकारमध्ये बसले होते आणि प्रत्येक वळणावर सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते, "अजून जोरात!"