वाटीभर मावा

एका गावात एक सासू होती आणि तिच्या घरी नुकतीच आलेली एक सून होती. घर लहानसंच, पण घरामागचा परस चांगला ऐसपैस. सासूबाईंचा सगळा जीव त्या परसात. भाजीची देठं, केळीची सालं, गोठ्यातलं शेण, सगळं एका खड्ड्यात कुजवायच्या आणि ते काळं भुसभुशीत खत स्वतःच्या हातानं आळ्यांत घालायच्या. तांदूळ धुतलेलं पाणी त्यांनी कधी मोरीत जाऊ दिलं नाही. बाजारातल्या औषधाची पुडी तर त्या परसानं पाहिलीच नव्हती.

परसात सगळ्यांत लाडकी चवळी. कुंपणाशी काठ्यांवर चढवलेले वेल, हातभर लांब शेंगा, तांबूस दाणे. हे बी सासूबाईंच्या आईनं त्यांना लग्नात ओटीत घातलेलं. पुढे आई गेली, माहेरचं दार बंद झालं, बी तेवढं राहिलं. दरवर्षी काही शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या आणि दाणे राखेत घालून मडक्यात ठेवायचे, असा त्यांचा नेम. पण गेल्या पावसाळ्यात मडक्याला तडा गेला, आत ओल शिरली आणि दाण्यांना भुंगा लागला. मूठभर दाणे शाबूत निघाले. माघात ते सगळेच पेरले. आता यंदा वेल गेले, तर आईची चवळी कायमची गेली.

सून आली होती हलवायाच्या घरातून. कढईपुढे बसून दूध आटवणं, तळाला लागू न देता ढवळत राहणं, त्यावरची नजर हलू न देणं, हे तिला उत्तम जमे. मातीशी मात्र तिची ओळख नव्हती.

होळी झाली, ऊन चढायला लागलं. एके सकाळी सासूबाई परसातून ओरडल्या, “अगं, चवळीवर मावा पडलाय! ये बघू, काढून टाकू.”

सून लगबगीनं उठली. फळीवरची एक स्वच्छ वाटी घेतली, पदर खोचला आणि परसात गेली. वेलाखाली वाकली, आळ्यात पाहिलं, काठ्यांमागे पाहिलं. मग रिकामी वाटी धरून म्हणाली, “आई, कुठंच दिसत नाही हो. मांजरानं खाल्ला वाटतं.”

कुंपणापलीकडे शेजारची बायजाकाकू उभी होती. ती कुठं नसे! ती जी हसायला लागली, ती कुंपणाला धरूनच.

“अगं वेडे, मावा म्हणजे कीड! त्या कोवळ्या शेंड्यांना काळी काळी चिकटलीय बघ, रस पिते ती. तू काय वाटी घेऊन आलीस?”

आता यात सुनेचा काय दोष? दूध आटवून जे करतात त्याला गावात खवा म्हणत, पण हलवायाच्या घरी त्यालाच मावा म्हणत. जन्मभर तिनं तोच एक मावा पाहिलेला.

पण गंमत ती गंमत. संध्याकाळपर्यंत विहिरीवरच्या सगळ्या बायकांना गोष्ट कळली होती. “काय गं, पेढे किती निघाले वेलाला?” असं जी ती विचारी. मनात कुणाच्या काही वाईट नव्हतं. सूनही हसली. पण घरी आल्यावर तिनं ती वाटी पुन्हा एकदा धुतली आणि फळीवर अगदी मागे सारून ठेवली.

सासूबाईंनी होळीची राख आणून वेलांवर भुरभुरली. कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी शिंपडलं. मावा थोडा हटे आणि परत येई. शेवटी त्यांनी सुनेला काम लावून दिलं, रोज सकाळी ओल्या फडक्यानं शेंडे पुसून काढायचे.

पुसता पुसता सुनेला पानांवर दुसरंच काहीतरी दिसलं. काळपट, काटेरी, अंगावर नारिंगी डाग, जेमतेम तांदळाएवढं. दिसायला अगदी ओंगळ.

सासूबाईंनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “अगोबाई, ही आणखी नवी पीडा! दिसेल तिथं चिरड.” दोन-चार तर त्यांनी स्वतःच बोटांनी चिरडले.

सुनेनं बोट पुढे केलं, पण तिची सवय आड आली. काही शिजत असेल तर नजर हलवायची नाही, ही सवय. ती तिथंच उकिडवी बसून बघत राहिली. तो काटेरी किडा एका माव्यापाशी गेला आणि त्यानं त्याला खाऊन टाकलं. मग दुसऱ्यापाशी गेला.

इकडे बायजाकाकूला राहवलं नाही. शेजारणीची चवळी जाते म्हटल्यावर तिलाही कळवळा आला आणि ती बाजारातून औषधाची पुडी घेऊन आली.

“मी म्हणते, एकदाच मारा. बी राहिलं तर पुढं सगळं. एरवी औषध न घालायचा तुमचा नेम मी मोडायला लावला असता का? पण आईची खूण आहे ती.”

सासूबाई पुडीकडे बघत राहिल्या. पुडी नको होती, पण बी हवं होतं.

तेवढ्यात सून हळूच म्हणाली, “आई, थांबा ना. ते काटेरी किडे मावा खातात. मी बघितलंय.”

बायजाकाकूला परत हसू फुटलं. “झालं! हिचा मावा काही संपत नाही! आता किडेसुद्धा मावा खायला लागले. बघ हं, हळूच पेढेही वळतील.”

सासूबाईंनाही हसू आवरलं नाही. सुनेचे कान लाल झाले. ती आत निघाली, उंबऱ्याशी थांबली, परत आली.

“मग कोपऱ्यातला एक वेल तेवढा मला द्या. माझा म्हणून. गेला तर गेला, मी रडणार नाही.”

“माझा म्हणून” हे शब्द सासूबाईंना कुठंतरी लागले. ओटीत बी घेऊन त्या स्वतः या घरात आल्या होत्या, तेव्हा त्यांनीही अशीच हातभर जागा मागितली होती. ती मिळायला किती वर्षं गेली, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

“घे,” त्या म्हणाल्या. “कोपऱ्यातला तुझा.”

सुनेनं आपलं जुनं लुगडं त्या वेलावर पांघरलं आणि मग बाकीच्या वेलांवर औषध मारलं गेलं.

मावा पटकन मेला. काटेरी किडेही मेले. सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. पण औषध मारलं होतं भर उन्हात. पानं करपली, फुलं गळली. थोडे दिवस गेले आणि कुठून कोण जाणे, मावा परत आला. पहिल्यापेक्षा दाट. आता त्याला खाणारं तिथं कुणीच उरलं नव्हतं.

सासूबाई उतरल्या तोंडानं कोपऱ्यापर्यंत गेल्या. सून तिथं बसली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि पानाखालची जागा दाखवली. एक काटेरी किडा पानाला चिकटून, अंग आखडून गप्प पडलेला.

“मेला वाटतं,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही आई. काल हलला होता. शिजतंय अजून.”

दोघी बसून राहिल्या. पाठीवर ऊन आलं तशी त्याची पाठ उकलली. आतून पिवळसर, ओलसर, इवलंसं काही बाहेर आलं. हळूहळू त्याचा रंग चढत गेला, आधी केशरी, मग लाल. आणि मग त्या लाल पाठीवर एकेक काळा ठिपका उमटला.

“अगं बाई!” सासूबाई पुटपुटल्या. “हा तर आपला ठिपक्यांचा किडा!”

गावातलं प्रत्येक पोर ज्याला तळहातावर घेऊन खेळतं, तोच तो. लहानपणी तो असा दिसतो, हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

सासूबाई आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. “किती चिरडले गं मी. आणि तू सांगत होतीस.”

“तुम्हाला तरी कसं कळणार? मला तरी कुठं मावा माहीत होता?” सून म्हणाली.

मग दोघींनी मिळून ठिपक्यांचे किडे पानासकट उचलून इतर वेलांवर नेले. त्यांतले दोन-चार वेल तगले, बाकीचे गेले. पण कोपऱ्यातला वेल असा काही लगडला की काठी वाकली. त्याच्या शेंगा वेलावरच वाळल्या आणि वाजायला लागल्या.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आळीतल्या सगळ्या बायका जमल्या. कैरीची डाळ झाली, पन्हं झालं. सासूबाईंनी सुनेला पाटावर बसवलं आणि तिच्या ओटीत चवळीचे तांबूस दाणे घातले, ओंजळ भरून. “ही माझ्या आईची चवळी. आजपासून तुझी.”

मग त्या आत गेल्या आणि फळीवर अगदी मागे सारलेली ती वाटी घेऊन आल्या. वाटी भरलेली होती.

“त्या दिवशी रिकामी परत आणलीस ना? हा घे मावा. सकाळपासून ढवळत बसले होते. जरा लागलाय खाली.”

सुनेनं बोटानं चाखलं. डोळे भरले होते, तरी हलवायाची लेक ती, खोटं कसं बोलेल?

“जरा नाही आई,” ती म्हणाली, “चांगलाच लागलाय.”

सगळ्यांत आधी हसल्या त्या सासूबाई. बायजाकाकूनं डोळे पुसत वाटीत बोट घातलं आणि म्हणाली, “बाकी काही म्हणा, दोन्ही मावे कळणारी आळीत ही एकटीच!”

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: एकदा चुकलेल्या माणसाचं पुढचं खरं बोलणंही हसण्यावारी नेऊ नये. आणि जे अजून घडतंय, ते ओंगळ दिसलं म्हणून चिरडू नये. त्याचे ठिपके उमटेपर्यंत जवळ बसून राहावं.