पाच वाजताचा पहारा

“दहा मिनिटांनी असं काय बिघडतं, बाबा?”

मुक्तारामबाबा मठाच्या ओट्यावर बसून डावा गुडघा चोळत राहिले.

“आन् दहा मिनिटं वीणा उशिरा घेतो, तर तासभर जास्तीचा उभा राहतोय की मी! ते नाही कुणाला दिसत.”

रंगनाथचा आवाज जरा चढलाच. चढणारच. गोदाकाठच्या टाकळवाडीच्या मठात त्याला वीणेकरी म्हणून महिनाभरासाठी घेतलं होतं आणि आज महिना भरत होता. संध्याकाळी पाचला संस्थानचे चिटणीस येणार, बाबांना विचारणार आणि बाबा म्हणतील ते होणार. याआधी दूध संघातली नोकरी उशिरापायी गेली होती, पतसंस्थेतलीही गेली होती. सासऱ्यानं या वेळी तर गावभर पेढे वाटले होते. आता हीही गेली, तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती.

काम म्हटलं तर सोपं. वीणा गळ्यात घ्यायची आणि नाम घेत दोन तास उभं राहायचं. अट एकच, वीणा खाली ठेवायची नाही. पुढचा येऊन ती आपल्या गळ्यात घेईल, तेव्हाच आधीचा मोकळा. बेचाळीस वर्षं त्या वीणेनं जमीन पाहिली नव्हती. पहारे रात्रंदिवस पाळीनं चालत; दुपारी तीन ते पाच बाबांचा, पाच ते सात रंगनाथचा आणि सातनंतर मठाची बाग बघणाऱ्या भिवसेनचा.

“बरं, मी काही उशिराही येत नाही,” रंगनाथ म्हणाला. “पाचच्या ठोक्याला फाटकात असतो. हजेरीवही बघा.”

हे मात्र खरं होतं. वहीत पाच म्हणजे पाचच. सही झाली, की स्वारी नळावर पाय धुवायची, पिशवी खुंटीला अडकवायची, पोचलो म्हणून बायकोला फोन लावायची, घोटभर पाणी प्यायची आणि मग सावकाश वीणेकडे वळायची.

“आन् तो तासभर?” बाबांनी विचारलं.

“काल आठपर्यंत वीणा सोडली नाही, बाबा! असा रंग चढला होता!”

“भिवसेन कुठं होता?”

“पायरीवर… हात जोडून उभा होता.”

“किती वेळ?”

“तासभर…” रंगनाथचा आवाज खाली आला.

पण एक गोष्ट त्याच्या मनात सकाळपासून सलत होती. वीणा देताघेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, अशी तिथली रीत. बाबा आपल्या पाया पडत नाहीत, याचं रंगनाथला कधी काही वाटलं नव्हतं. पंचाहत्तरीचा माणूस, तो पोरसवदा माणसाच्या पायांशी कशाला वाकेल? आज मात्र तो कधी नव्हे तो सकाळीच मठात आला, तेव्हा बाबांचा सकाळचा पहारा संपत होता. नऊच्या ठोक्याला भिवसेननं वीणा गळ्यात घेतली आणि बाबा त्याच्या चिखलानं राकट झालेल्या पायांवर डोकं टेकवून उठले.

“बाबा… तुम्ही भिवसेनच्या पाया पडता.”

“पडतो.”

“माझ्या कधी…” त्यानं जीभ चावली.

बाबा त्याला पहिल्या दिवसापासून ‘पाव्हणं’ म्हणत. बाबा आपल्याला केवढा मान देतात, असं त्यानं बायकोला फोनवर चारदा सांगितलं होतं. आता त्याला त्या शब्दाचीही शंका यायला लागली.

बाबा ओट्याला हात टेकून उठले. कोपऱ्यातला पितळी तांब्या घेतला. त्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि रिकामा तांब्या रंगनाथच्या हातात दिला.

“पाव्हणं, एवढा धरा. खाली मात्र ठेवायचा नाही. मी आलोच.”

आणि ते लंगडत फाटकाकडे गेले.

रंगनाथ तांब्या धरून उभा राहिला. एवढंसं काम! त्याला हसूच आलं.

बाबा फाटकाजवळच्या लिंबाखाली बसले. कनवटीचा अडकित्ता काढून सुपारी कातरायला लागले. मग कुणी गाईवाला आला. त्याच्या गाईचं दूध का आटलं, याची चौकशी सुरू झाली. मग त्याच्या मेव्हण्याची. मग मेव्हण्याच्या गाईची…

रंगनाथनं तांब्या या हातातून त्या हातात घेतला. पाय बदलला. बाबा उठले, तसा त्याला हुरूप आला. बाबा फक्त सावलीत सरकून पुन्हा बसले.

त्याच्या मनगटात कळ आली. नजर फाटकावरून हलेना. शेवटी बाबा आले.

“जड होता का?”

“रिकामा तांब्या कसला जड, बाबा…” रंगनाथच्या कपाळावर घाम होता. “पण तुम्ही कधी येणार तेच कळेना. सारखा तुमच्याकडं डोळा.”

“हं.”

बाबांनी तांब्या कोपऱ्यात जागेवर ठेवला आणि वामकुक्षीला निघून गेले.

त्या दिवशी दुपारी रंगनाथ पावणेपाचलाच मठात होता. वहीत सही झाली. पाय धुऊन झाले. फोन बंद होऊन पिशवीत गेला, पिशवी खुंटीला गेली. आता करायला काही उरलंच नाही. महिन्यात पहिल्यांदाच तो खांबाआड नुसता बसून राहिला आणि बसल्या बसल्या बाबांकडे बघायला लागला.

बाबांचा पहारा सुरेख चालला होता. तार झणकत होती, नामाला नाम जोडलं जात होतं. जवळजवळ दोन तास झाले, तरी चेहऱ्यावर थकवा म्हणून नव्हता.

पाचला पाच मिनिटं कमी होती, तेव्हा बाबांची नजर उचलली. ती फाटकाकडे गेली.

फाटकात कुणीच नव्हतं.

नजर खाली आली. थोड्या वेळानं पुन्हा गेली… धोतराच्या आत डावा गुडघा थरथरायला लागला होता.

रंगनाथला एकदम शरम वाटली. हा माणूस महिनाभर रोज असाच बघत होता आणि आपण तिथं नळावर टाचा घासत होतो!

तो खांबाआडून उठला आणि बाबांपुढे जाऊन उभा राहिला. बाबांच्या भुवया किंचित वर गेल्या. रंगनाथनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

भिंतीवरच्या घड्याळाचा पहिला टोला पडला, तेव्हा वीणेवर चार हात होते. पाचवा पडला, तेव्हा दोनच. तार मध्ये कुठेही थांबली नाही.

तेवढ्यात चिटणीस दिनकरराव सभामंडपात आले. आले ते बघतच राहिले. बाबा खांबाचा आधार घेत, दुखरा गुडघा वाकवत, सावकाश खाली बसले आणि त्यांनी रंगनाथच्या पायांवर डोकं टेकवलं.

रंगनाथला त्यांना अडवता येईना. दोन्ही हात वीणेत गुंतलेले. डोळे भरून वाहत होते आणि तोंडातून नाम असं खणखणीत निघालं, की बागेतला भिवसेन झारी खाली ठेवून धावत पायरीपर्यंत आला. इतका आनंद त्या गड्याला लग्नातही झाला नव्हता. नाम न थांबवताच त्यानं भिवसेनकडे पाहिलं आणि मानेनं घड्याळातला सातचा आकडा दाखवला. भिवसेन मोकळा हसला.

दिनकररावांनी चष्मा सारखा केला.

“बाबा, महिना भरला. संस्थानची मंडळी तुमच्या शब्दासाठी थांबलीत. या पाव्हण्याचं काय करायचं?”

बाबा उठले. उपरण्यानं तोंड पुसलं. पायरीकडे निघाले.

“मला काय विचारता? पाच वाजले, माझा पहारा संपला… वीणेकऱ्याला विचारा.”