ठिपकीची लाल टोपी

कान झाकले का सगळ्यांनी? झाका हं. गोष्ट थंडीची आहे.

एक होती उंदरी. चिंचोक्याएवढी. नाव तिचं ठिपकी.

ठिपकीला होती एक टोपी. लाल लोकरीची. आईने विणलेली. आईला विणकाम कुठलं येतंय! डाव्या कानाशी एक टाका सुटला. तिथे पडलं इवलंसं भोक. आई त्या भोकातून फुंकर घालायची. फूऽऽ. आणि म्हणायची, "नीज गं माझे ठिपके."

एक दिवस आई दाणे आणायला गेली. गेली ती गेलीच. परत आलीच नाही. ठिपकी खूप रडायची. मग टोपी घालायची नि झोपायची.

एकदा तिने टोपी धुतली. खिडकीत वाळत घातली. खिडकी कुणाची? यमूआत्याची.

यमूआत्या विणकामाचा क्लास घ्यायची. घरात सुयाच सुया! एका सुईवर शाल. अर्धीच. एका सुईवर स्वेटर. नवा नमुना, तोही अर्धाच. एका सुईवर क्लासचा मोजा. मोजा विणायचा, मुलींना दाखवायचा, सर्रर्र उसवायचा. पुन्हा विणायचा, पुन्हा दाखवायचा, पुन्हा सर्रर्र!

आत्याने टोपी पाहिली. भोक पाहिलं. "अगं बाई, टाका सुटलाय! क्लासातल्याच कुणाची तरी असणार."

आणि काय केलं? सर्रर्र! टोपी उसवली. त्याच लोकरीचा इवलासा मोजा विणला, क्लासला दाखवायला. सुलट उलट, सुलट उलट.

ठिपकी आली. तुरुतुरु तुरुतुरु. बघते तर टोपी नाही! ठिपकीला रडू फुटलं.

"आत्या आत्या, टोपी विण. माझे कान उघडे!"

"अरे देवा! तुझी होती होय गं?" आत्याचा जीव कळवळला. "पण मी कशी विणू? लोकर मोज्यात अडकली. मोजा सुटला, की विणीन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"मोज्या मोज्या, सूट ना. आत्या टोपी विणेना, माझे कान उघडे!"

"मी कसा सुटू गं? रेवाला माझी टाच विणायला शिकवायचं राहिलं. रेवा टाच शिकली, की सुटेन."

रेवा होती क्लासातली सगळ्यात धाकटी. पायरीवर बसली होती, गाल फुगवून. ठिपकी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"रेवा रेवा, टाच शीक. मोजा काही सुटेना, आत्या टोपी विणेना, माझे कान उघडे!"

"मी कशी शिकू गं? माझी सुई पारव्याने नेली. घरट्यात खोचली. सुई मिळाली, की शिकेन."

ठिपकी गेली पारव्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"पारवेदादा, सुई दे. रेवा टाच शिकेना, मोजा काही सुटेना, आत्या टोपी विणेना, माझे कान उघडे!"

"मी कशी देऊ गं? सुई काढली, तर अंडी गडगडतील. काटकी मिळाली, की देईन."

ठिपकी गेली शेवग्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"शेवगेदादा, काटकी दे. पारवा सुई देईना, रेवा टाच शिकेना, मोजा काही सुटेना, आत्या टोपी विणेना, माझे कान उघडे!"

"मी कशी देऊ गं? मला का हात आहेत? वारा आला, की देईन."

ठिपकी दमली. पाय दुखले. तरी गेली. तुरु... तुरु... तुरु... माळावर वारा निजला होता.

"वारेबुवा, वारेबुवा, या ना. शेवगा काटकी देईना, पारवा सुई देईना, रेवा टाच शिकेना, मोजा काही सुटेना, आत्या टोपी विणेना, माझे कान उघडे!"

वारा उठून बसला. त्याने ठिपकीचे कान पाहिले. इवलेसे, उघडे.

"मी कसा येऊ गं बाळ? मी आलो, तर तुला थंडी वाजेल. तुझ्या डोक्यावर टोपी आली, की येईन."

आता काय करायचं? टोपी आली, की वारा येणार. वारा आला, की टोपी येणार! ठिपकी मटकन खाली बसली. मुळूमुळू रडली.

मग तिने डोळे पुसले.

"वाजू दे थंडी," ठिपकी म्हणाली. "आईची टोपी आहे ती. तुम्ही या."

वारा आला. सूंऽऽ सूंऽऽ! ठिपकी कुडकुडली. दात वाजले कडकड कडकड. कान झाले गारगार. पण ती पळाली नाही हं!

वारा आला, शेवगा हलला. कडाकट्! काटकी पडली. काटकी मिळाली, पारव्याने सुई दिली. सुई मिळाली, रेवा टाच शिकली. टाच जमली, मोजा सुटला. सर्रर्र! मोजा सुटला, आत्याने लोकर हातात घेतली.

"ठिपके, सांग बाई. आईची टोपी कशी होती?"

"लाल होती. डाव्या कानाशी एक टाका सुटलेला होता."

मुलींचा टाका सुटला, की आत्या काय म्हणायची? "उसवा, पुन्हा विणा!" पण आज ती तसं म्हणाली नाही. आज तिचेच डोळे भरून आले.

सुलट उलट, सुलट उलट. डाव्या कानाशी आली. आणि एक टाका तिने मुद्दाम सोडला.

ठिपकीने टोपी घातली. लोकर आईची होती. भोकही आईचंच होतं. आई मात्र नव्हती.

ठिपकी आडवी झाली. वारा हळूच आला. भोकातून कानात शिरला. फूऽऽ.

ती आई नव्हे, वारा आहे, हे ठिपकीला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "निजते हं, आई." आणि निजली.

लोकर सरली, सुई थांबली. तुम्हीपण निजा.