जळक्या उतारावरचे दान

एकदा एक व्यापारी आपल्या गावची नदी माघातच आटू लागल्याने चिंतित झाला. नदीचा उगम दूर डोंगरावरच्या अरण्यात होता आणि ते अरण्य दर उन्हाळ्यात वणव्याने झिजत होते. डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्ध आचार्य राहत. व्यापाऱ्याने त्यांच्यापुढे द्रव्याची थैली ठेवली.

"अरण्य वाचवा. कुंपण घाला, पहारेकरी नेमा. खर्चाची चिंता नको."

आचार्य त्याला आणि आपल्या शिष्याला घेऊन डोंगरावरच्या गोंडांच्या गावी गेले. पिढ्यान्‌पिढ्या हेच लोक ते अरण्य राखत आले होते. गावसभेचा कारभार जैनीबाई नावाची प्रौढ स्त्री पाहत असे. आचार्यांनी थैली सभेत ठेवली आणि म्हणाले, "हे अरण्यासाठी आहे. कसे वापरायचे ते तुम्ही ठरवा."

सभेत बराच वाद झाला. शेवटी जैनीबाई म्हणाली, "गळालेली मोहाची फुलं वेचायला दिसावीत म्हणून आम्ही झाडाखालचा पाला जाळतो. तीच आग पसरते. यंदा पाला खराट्यानं झाडू. पण झाडण्यात दिवस मोडतात, तेवढे दिवस घरात दाणे हवेत. या पैशाचं धान्य घेऊ."

अरण्याचे द्रव्य धान्यावर खर्च व्हावे हे शिष्याला रुचले नाही. व्यापाऱ्यालाही रुचले नाही. पण आचार्य उठले, तेव्हा दोघेही उठले.

चैत्र सरता सरता जैनीबाई स्वतः डोंगर उतरून आली. "गुरुजी, शेठनाही बोलवा. तुम्हाला काही दाखवायचं आहे."

तिघे तिच्यामागून चढले. गावाकडचे रान सुरक्षित होते. मोहाखालची जमीन स्वच्छ झाडलेली, भोवती कोवळी रोपे तग धरून होती. माथा ओलांडला आणि व्यापारी थबकला. पलीकडचा अर्धा उतार काळा पडला होता. पावलापावलाला राख उडत होती.

"या बाजूला एक लहान वाडी आहे," जैनीबाई म्हणाली. "आमचीच माणसं. पण आम्ही त्यांना सभेला बोलावलं नाही, धान्याचा वाटाही दिला नाही. त्यांनी नेहमीसारखा पाला जाळला आणि वारा फिरला. आम्ही ओल्या डहाळ्या घेऊन धावलो. माझ्या दिराचे दोन्ही हात भाजले. अर्धं वाचलं, अर्धं गेलं. चूक त्यांची नाही, शेठ. आमची आहे."

व्यापाऱ्याने निःश्वास टाकला. पहारेकऱ्यांसाठी म्हणून त्याने दुसरी थैली बरोबर आणली होती. "आता तरी माझे ऐका," तो आचार्यांना म्हणाला.

"ती थैली मला द्याल?" आचार्यांनी विचारले.

व्यापाऱ्याने ती दिली. आचार्यांनी त्या राखेतच उभे राहून ती जैनीबाईच्या हाती ठेवली. तीसुद्धा मागे सरली.

"गुरुजी, एवढं झाल्यावर?"

"हो. वाडीच्या लोकांना बोलवा आणि पुन्हा ठरवा."

उतरताना शिष्याला राहवले नाही. "गुरुजी, ज्यांच्या हातून अर्धा उतार गेला, त्यांच्याच हाती पुन्हा द्रव्य?"

आचार्य एका शिळेवर टेकले. "तो जळका उतार आपल्याला कोणी दाखवला? आपण तर वाचलेले रान पाहून समाधानाने परतलो असतो. पगारी पहारेकऱ्याने तो लपवला असता, कारण त्याची नोकरी गेली असती. या बाईचे अरण्य जाते, आणि ते दुसरे मिळत नाही. म्हणून ती चूक झाकत नाही. द्रव्य आपले होते, अरण्य त्यांचे आहे. ते आपण दिलेले नाही. घर ज्याचे, त्याला त्यात चुकण्याचा आणि चूक निस्तरण्याचा अधिकार असतो. तो काढून घेतला, की घरधनीच चाकर होतो."

"आणि पुन्हा चुकले तर?" व्यापाऱ्याने विचारले.

"तुमचा मुलगा पेढीवर पहिल्यांदा चुकला, तेव्हा त्याला उठवून परक्याला बसवलेत?"

"नाही," व्यापारी हळूच म्हणाला. "मीच त्याच्या शेजारी बसू लागलो."

"मग इथेही बसा."

पुढच्या फाल्गुनात व्यापारी गावसभेला आला. वाडीची माणसे पुढे बसली होती आणि आपला उतार उभा, झाडायला जास्त दिवस मोडतात, म्हणून वाटा मोठा हवा, असे हट्टाने मांडत होती. गाव ऐकेना, वाडी हटेना. दुपार कलली. तोडगा व्यापाऱ्याला कधीच सुचला होता. तो सांगायला त्याचे ओठ उघडले. जैनीबाईने त्याच्याकडे पाहिले. त्याने ओठ मिटले आणि शेजारच्या म्हाताऱ्याला जागा करून देत तो नीट मांडी घालून बसला.

द्रव्य देऊन झाल्यावरही आपला सल्ला ओठांतच ठेवता येणे, हा दानाचा अवघड अर्धा भाग आहे.