कारलं, हुग्गी आणि सात सोंगट्या

"सुरुवातीला 'क्यू' आणि शेवटी 'झेड', असा शब्द?"

"क्विझ." अप्पाजींचा प्रश्न पुरता संपायच्या आत चन्नवीरने उत्तर दिलं.

"'एक्स' आणि 'वाय' शेजारी शेजारी?"

"ऑक्सिजन. अप्पाजी, हे तर शाळकरी पोरंही सांगतील. काहीतरी अवघड विचारा."

अप्पाजींनी मान डोलावली.

"बरं, अवघड विचारतो," ते म्हणाले. "जेवलास का?"

आता यात अवघड काय, ते चन्नवीरला कळेना. तो नुसता हसला.

नदीकाठच्या त्या लहानशा मठाचे स्वामी होण्याआधी अप्पाजी इंग्रजीचे मास्तर होते. अंगावर भगवी कफनी आली तरी मास्तरकी काही सुटली नाही. संध्याकाळ झाली की गावातली पोरं मठात जमायची. अप्पाजी कापडी थैलीतून लाकडी सोंगट्या काढायचे. प्रत्येक सोंगटीवर एक इंग्रजी अक्षर कोरलेलं. हातात सात अक्षरं घ्यायची, त्यांतून शब्द शोधायचा, पटावर लावायचा आणि लावली तेवढी थैलीतून पुन्हा उचलायची. सोंगट्या संपल्यावर ज्याचा हात आधी रिकामा, तो जिंकला. गावाला जे काही इंग्रजी आलं, ते या थैलीतून आलं.

चन्नवीरही तिथलाच. आता तो तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. पठ्ठ्याने डिक्शनरी कोळून प्यायली होती. लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक त्याला अक्षरं द्यायचे आणि तो शब्दांचा पाऊस पाडायचा. ते त्याला आवडायचं, खोटं कशाला बोला!

पण अप्पाजींची नजर अधू होत चालली होती. थैली कुणाच्या तरी हाती द्यायला हवी होती. मठातल्या पोरांना नवा मास्तर हवा होता आणि चन्नवीरला ते मास्तरपण मनापासून हवं होतं. दिवाळीत त्याने विचारून पाहिलं, शिवरात्रीला पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा अप्पाजी "बघू" म्हणाले.

आणखी एक सल होता. सगळा तालुका त्याला सर म्हणायचा. अप्पाजी मात्र अजून चन्न्याच म्हणायचे.

थोड्याच वेळात दासोहाची पंगत बसली. मठाच्या जेवणाला दासोह म्हणतात, आणि तिथली रीत अशी की ताटात पडेल तो प्रसाद. आवडनिवड नाही. ताट पुसून खायचं, धुऊन ते पाणीही प्यायचं.

भाकरी आली, आमटी आली. मग मठाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या गंगव्वाने कारल्याची भाजी वाढली. चन्नवीरने ती बोटाने हळूच कडेला सारली. स्वयंपाकघरातून गव्हाच्या हुग्गीचा गुळमट वास येत होता. लहानपणापासून त्याचा जीव त्या खिरीवर. आता ती येईल म्हणून तो हात आवरून बसला.

गंगव्वा हुग्गीचं पातेलं घेऊन आली. त्याच्या ताटाकडे तिने एकदा पाहिलं आणि पुढे गेली.

"गंगव्वा, मला?"

"ताटात हाय ते आधी खावा की. मग वाढते."

पातेलं पंगतीच्या टोकाला गेलं आणि तिकडून आत. चन्नवीरने नाइलाजाने कारलं गिळलं, पण तोवर पंगत उठली होती.

अप्पाजींना सगळं दिसलं की नाही, कुणास ठाऊक.

दुपारी दोघं पटाशी बसले. चन्नवीरने सात सोंगट्या उचलल्या आणि त्याचे डोळे चमकले. सहा अक्षरं अशी जमली होती की एक 'जे' आला की 'जर्नी' तयार. एका दमात सात अक्षरं! अप्पाजींसमोर असा शब्द लावला की थैली आपलीच, त्याने मनाशी ठरवून टाकलं. सातवी सोंगटी होती 'टी'. ती त्याच्या काही कामाची नव्हती.

अप्पाजींनी सोंगट्या बोटांनी चाचपल्या आणि 'हॅट' लावला.

"पास," चन्नवीर म्हणाला.

अप्पाजींनी 'पिन' लावला.

"पास."

"अडलास का रे, चन्न्या?"

"छे. मोठं काहीतरी येतंय."

"असं..."

अप्पाजी 'कप' लावत होते, 'बेड' लावत होते. पहिलीतल्या पोराने लावावेत तसले शब्द. दर शब्दामागे थैलीतल्या सोंगट्या कमी होत होत्या. 'पास' म्हणणाऱ्याला हातातली एक सोंगटी थैलीत टाकून दुसरी घ्यायची मुभा होती. चन्नवीर प्रत्येक वेळी सातवी तेवढी बदलायचा, बाकीच्या सहांना हात लावायचा नाही. एकदा तर फिरून पुन्हा 'टी'च हाती आला.

शेवटी अप्पाजींनी थैली उलटी केली. आतून काही पडलं नाही. त्यांचे दोन्ही हात रिकामे होते.

चन्नवीरने पट पाहिला, थैली चाचपली, सतरंजीखालीही हात घातला.

"अप्पाजी... 'जे' कुठाय?"

"'जे' नाहीच या थैलीत. पोरांनी कधीच नदीत घालवला. तेव्हापासून आम्ही त्याच्यावाचूनच खेळतो."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस कुठं?"

चन्नवीर वरमला. त्याला स्वतःचा राग आला, मग हसू आलं. एवढी डिक्शनरी पाठ, आणि समोरच्या थैलीत काय आहे ते माहीत नाही. संध्याकाळी इथे पोरं जमणार होती. त्यांच्या हाती काय अक्षरं पडतील ती पडतील. त्यांना 'पास' म्हणायला शिकवायचं का?

डाव तर केव्हाच संपला होता. अप्पाजी उठले नाहीत. डोळे मिटून बसले होते. नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

चन्नवीर पुन्हा पटाकडे वळला. हातातल्या सोंगट्या त्याने एकेक करून समोर मांडल्या. 'जर्नी' मोडताना जीव थोडा हळहळला. मग त्याने जागा शोधून 'रन' लावला. त्या 'टी'लाही काम मिळालं, 'टॉय' झाला. एकटा 'ई' उरला. तो अप्पाजींच्या 'हॅट'मधल्या 'एच'खाली ठेवला, 'ही' झाला. शब्द अगदी पोरवयाचे होते, पण बरं वाटत होतं. खूप वर्षांनी त्याला हा खेळ खेळल्यासारखं वाटलं.

सोंगट्यांची टकटक थांबली. अप्पाजींनी हात पुढे करून त्याचे तळवे चाचपले. आधी उजवा, मग डावा.

मग मान वळवून त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली.

"गंगव्वा, मास्तरांचं ताट रिकामं झालंय. हुग्गी वाढा."