सावलीच्या मापाचा अंगरखा

एका राज्यात, ज्याचे नाव सांगणारे आता कोणी उरले नाही, असा नेम होता की राजाच्या अंगाला शिंप्याने हात लावायचा नाही. राजा अंगणात उभा राही, शिंपी दोरी घेऊन खाली वाके आणि राजाची सावली मोजून कापड बेती. कपडे बहुधा चुकत. पण राजाचे कपडे चुकले असे कोण म्हणणार? राजा चुकला असेच सगळे मनात म्हणत आणि गप्प बसत.

त्या घराण्याचा मूळपुरुष धृष्टवर्मा. त्याचा जरीचा अंगरखा राजवाड्यात चंदनाच्या पेटीत ठेवलेला असे. अंगरखा एवढा रुंद की त्यात दोन पैलवान शेजारी शेजारी उभे राहावेत. त्यावरून लोक म्हणत, आमचा पहिला राजा डोंगराएवढा होता. प्रत्येक नव्या राजाने अभिषेकाच्या वेळी तोच अंगरखा घालायचा, अशी रीत होती. आणि त्या अंगरख्यावर रेवण नावाच्या मांत्रिकाचा शाप होता. वारसाने तो घातला आणि त्याच्या अंगाला तो बसला नाही, तर वारसाची आई पायांपासून पाषाण होत जाई. अंगरखा अंगाला बसेल तेव्हाच तिची सुटका व्हायची. आजवर तीन राजमाता अशा पाषाण झाल्या आणि पुढे त्यांची माती झाली. अभिषेक मात्र तिन्ही वेळा थाटात पार पडले.

चौथा वारस वेत्रसेन. तो वेताच्या काठीसारखा सडपातळ होता. लहानपणापासून त्याला तूप चारले, खारका चारल्या, आखाड्यात मातीत लोळवले, पण अंगी काही लागले नाही. अभिषेकाच्या दिवशी त्याने अंगरखा घातला. खांदे कोपरांवर उतरले, बाह्या गुडघ्यांपर्यंत लोंबल्या. खुंटीवर टांगलेले कापड दिसावे तसा तो दिसला. दरबारात कोणी हसले नाही, कारण त्याच क्षणी राणी मृगावतीचे पाय घोट्यांपर्यंत दगड झाले.

"आईसाहेब, दुखते का?" वेत्रसेनाने विचारले.

"गार वाटते," राणी म्हणाली. "दुखत नाही."

वेत्रसेनाने अभिषेक तिथेच थांबवला. राणीला सिंहासनाशेजारीच राहावे लागले, कारण तिथून तिला हलवता येईना. वेत्रसेन गच्चीवर गेला आणि कोणी पाहत नाही असे बघून रडला. कठड्यावर एक टिटवी बसली होती. ती माणसासारखे बोलली.

"राजपुत्रा, रेवण मेलेला नाही. सात टेकड्यांपलीकडे तो दगडी झोपडीत बसून शिवत असतो. त्याच्याकडे तीन वस्तू आहेत. एका खेपेला तो एकच देतो आणि फुकट देत नाही."

"वाट किती दिवसांची?"

"माझ्या मागून आलास तर सकाळी जाऊन दुपारी परत येशील."

वेत्रसेन टिटवीच्या मागून गेला. झोपडीत एक म्हातारा मांडी घालून शिवत होता. त्याच्या मांडीवर कापड दिसत नव्हते, तरी टाके पडत होते.

"काय हवे?" रेवणाने विचारले.

"रुंद दिसायचे आहे."

"बाहेर वावटळ बांधलेली आहे. तिच्यात उभा राहून या सुईत दोरा ओव."

वेत्रसेन वावटळीत शिरला. धूळ डोळ्यांत गेली. त्याने डोळे मिटले आणि बारीक बोटांनी सुईचे नाक चाचपून दोरा ओवला. रेवणाने त्याला सावरीच्या कापसाचे गाठोडे दिले. तो कापूस कधी सरत नसे.

राजवाड्यात येऊन वेत्रसेनाने अंगरख्यात कापूस भरला. खांदे उठले, छाती फुगली. प्रधान विरूपाक्ष टाळ्या वाजवू लागले. "शोभता, महाराज! अगदी मूळपुरुष!" वेत्रसेनाने आरशात पाहिले, आणि खरे सांगायचे तर त्याला बरे वाटले. पण ऊन वाढले तसा घाम आला, कापूस भिजला आणि सगळा पोटाशी येऊन बसला. एका दासीने हळूच दुसरीला विचारले, "कितवा महिना?" राणी तोवर गुडघ्यांपर्यंत दगड झाली होती.

दुसऱ्या सकाळी तो पुन्हा गेला.

"कापूस पुरला नाही?" रेवणाने विचारले. त्याच्या आवाजात जरा नवल होते.

"नाही."

"मागच्या खडकात एक चीर आहे. आत सर्प बसला आहे. त्याच्याखालचा शेला घेऊन ये."

ती चीर एवढी अरुंद होती की कोणताही धिप्पाड माणूस तिथे अडकला असता. वेत्रसेनाने श्वास सोडला आणि आडवा होऊन आत गेला. सर्पाने डोळे उघडले, त्याला पाहिले, आणि एवढ्याशा माणसाकरता फणा काढायचा त्याला कंटाळा आला. वेत्रसेन शेला घेऊन बाहेर आला. शेल्यावर आडवे जाड पट्टे होते. पाहणाऱ्याची नजर त्या पट्ट्यांवरून या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत जाई आणि जाता जाता त्या माणसाला रुंद करी. ही त्या शेल्याची जादू होती.

वेत्रसेनाने अंगरख्यावर शेला पांघरला. पहारेकऱ्यांनी भाले खाली टेकवून मुजरा केला. सेनापतीने मान लववली. त्याने आजवर कोणासमोर मान लववली नव्हती. वेत्रसेन धावत आईपाशी गेला.

"आता बसला ना, आईसाहेब?"

राणीने त्याच्याकडे पाहिले. ती कमरेपर्यंत दगड झाली होती. "दिसतोस छान," ती म्हणाली. "पण आतला अंगरखा अजून ढगळच आहे रे. बगलेत माझी दोन लुगडी मावतील."

ते ऐकून वेत्रसेनाची आशा खचली. उद्या दगड छातीपर्यंत येणार आणि परवा श्वास थांबणार, हा हिशेब पोरालाही कळला असता. तिसऱ्या सकाळी तो रेवणासमोर जाऊन नुसता उभा राहिला.

"तुझे बाप, आजे, पणजे असेच आले होते," रेवण म्हणाला. "कापूस घेऊन गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत. त्यांचे काम झाले होते. त्यांच्या आयांचे झाले नाही."

"तिसरे काम सांगा."

"माझे माप घे. हाताने."

राजाच्या अंगाला शिंप्याने हात लावू नये, तसा राजपुत्रानेही शिंपीकाम करणाऱ्याला लावू नये, असा नेम होता. वेत्रसेनाने हात पुढे केला आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर वीत टेकवली. त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट मोजले.

"दीड वीत आणि तीन बोटे."

"बरोबर," रेवण म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "धृष्टवर्म्याचा शिंपी मी. मी म्हणालो, महाराज, हात लावून माप घेऊ द्या. ते म्हणाले, सावली मोज. वेळ संध्याकाळची होती, दिवा त्यांच्या जवळ होता, सावली भिंतीवर रुंद पसरली होती. मी ती मोजली. तुझा खापरपणजा तुझ्यासारखाच सडपातळ होता, पोरा. अंगरखा ढगळ झाला तेव्हा मी म्हणालो, द्या, उसवून देतो. त्यांनी आत कापूस कोंबला, हेच माझे अंग म्हणून दवंडी पिटवली, आणि खरे कोणाला कळू नये म्हणून मला टेकड्यांपलीकडे हाकलले. त्या रागात मी शाप दिला. आता तो मलाही मागे घेता येत नाही."

त्याने वेत्रसेनाच्या हातात एक कात्री ठेवली. "ही आजवर तुमच्या घराण्यात कोणी नेली नाही."

वेत्रसेन परतला तेव्हा राणी छातीपर्यंत दगड होती. हात अजून मोकळे होते. श्वास उथळ चालला होता. त्याने अंगरखा उतरवून पसरला आणि राजवाड्यातल्या सगुणा शिंपिणीला हाक मारली.

प्रधान आडवे आले. "मूळपुरुषाच्या अंगरख्याला कात्री? राज्य बुडेल! आणि महाराजांचे माप कोण घेणार? शिंपिणीने हात लावायचा नाही."

"मी शिंपीण नाही," राणी म्हणाली. "वेत्रा, पाठ कर."

वेत्रसेनाने तिच्याकडे पाठ केली आणि तो गुडघ्यांवर बसला. राणीने त्याच्या खांद्यांवर वीत टेकवली. "लहानपणी न्हाऊ घालताना हे खांदे माझ्या एका वितीत मावायचे," ती म्हणाली. "सगुणे, लिही. खांदा दोन वीत, दोन बोटे. छाती..." तिची बोटे गार पडत चालली होती, पण माप चुकले नाही.

सगुणाने कात्री चालवली. खांद्याची शिवण तिने खांद्याच्या हाडावर आणून बसवली. बगलेतला झोळ काढला, कमरेला किंचित आत घेतले, लांबी गुडघ्याच्या वर आणली, बाह्या मनगटावर थांबवल्या. कापूस काढून टाकला. शेवटचा टाका पडला तेव्हा राणीला बोटे मिटता येत नव्हती.

वेत्रसेनाने अंगरखा घातला आणि बंद बांधले.

आणि असे झाले की ढगळ अंगरख्यात जो काटकुळा दिसे, तो मापाच्या अंगरख्यात रुंद दिसू लागला. छाती छातीच्या जागी होती आणि खांदे खांद्यांच्या. "शेला राहू देत वरून, महाराज," सगुणा म्हणाली. "पट्टे चांगले आहेत. त्यांचा काय दोष?"

राणीच्या अंगावरचा दगड तडकला. पापुद्रे जमिनीवर पडले, आधी बोटांचे, मग छातीचे, मग पायांचे. तीन दिवस एका जागी उभी असलेली ती बाई पहिले पाऊल टाकताना झोकांडली. वेत्रसेनाने तिला धरले. तिने सगळा भार त्याच्या खांद्यावर टाकला, आणि तो खांदा हलला नाही. दरबाराने हे पाहिले. त्यानंतर त्या राज्यात वेत्रसेनाला सडपातळ म्हणणारे पुष्कळ निघाले, पण दुबळा म्हणणारा एकही निघाला नाही.

सात टेकड्यांपलीकडे रेवणाने सुई त्या न दिसणाऱ्या कापडात टोचून ठेवली आणि चार पिढ्यांनंतर पहिल्यांदा आडवा झाला. वेत्रसेनाचा अभिषेक दुसऱ्या दिवशी झाला. राजा आपल्या मापाने राहिला, प्रजा आपल्या सुखाने राहिली. ऐकणाऱ्यांच्या अंगालाही त्यांचेच कपडे बसोत.